जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताय? आधी फॉन्टचं फोल्डर घ्या

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी लॅपटॉप चालवणारी फुकट सिस्टिम. चार्जर, 8 जीबीचा पेन ड्राइव्ह, फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप हे तुम्ही करणारच, त्यावर वेळ घालवत नाही. बॅकअप मात्र दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घ्या, कारण लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करताना त्यातलं सगळं पुसलं जातं. आणि त्याच बॅकअपमध्ये सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातलं फॉन्ट्स हे फोल्डर अख्खं घ्या. निवडत बसू नका, अख्खं घ्या.

आपल्याकडचे जुने लॅपटॉप बहुतेक झेडपी शाळेतल्या गुरुजींचे, पतसंस्थेचे, नाहीतर ग्रामपंचायतीच्या कामात झिजलेले. त्यांतली मराठी श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेव या जुन्या टायपिंग पद्धतींतली असते, आजच्या मोबाइलवर चालते त्या युनिकोडमधली नाही. अशा फाइलीत साठवलेले असतात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड. त्यांना देवनागरी रूप देतो तो फॉन्ट. मागच्या वेळी मी तो घेतला नाही. डिस्क पुसून झाल्यावर बाबांच्या प्रश्नपत्रिका आणि गावाची टिपणं उघडली, तर पानंच्या पानं इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं. फायली होत्या सगळ्या, वाचता एकही येत नव्हती. म्हणून सांगतो, श्री-देव, डीव्हीबी-टीटी, कृतिदेव अशा नावांचे फॉन्ट बॅकअपच्या पेन ड्राइव्हवर आले का ते डोळ्यांनी पाहा. जी फाइल गमावणं परवडणार नाही तिची विंडोज चालू असतानाच पीडीएफ करून ठेवा. पुढं फॉन्ट कुठं फसला तरी मजकूर वाचता येईल.

आता कोणतं लिनक्स. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, ती जुन्या लॅपटॉपांत बहुधा नसते, त्यामुळे हा प्रश्न घरोघरी आहे. प्रोसेसर 64 बिट आणि रॅम 4 जीबी असेल तर फार शोधू नका, लिनक्स मिंट 22 ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. तिला 2029 पर्यंत अपडेट आहेत. 2 जीबीवर मिंट सुरू होतं, पण ब्राउझर उघडला की रडतं. तिथं अँटीएक्ससारखं आणखी हलकं लिनक्स पाहा, नाहीतर रॅम वाढवा. प्रोसेसर 32 बिटच असेल तर डेबियन 12 हे लिनक्स चालेल, डेबियन 13 मध्ये त्यासाठी इन्स्टॉलरच नाही. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी साटा एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली तर जो फरक पडतो, तो कोणतंही लिनक्स बदलून पडत नाही. पैसे खर्चायचेच तर तिथं खर्चा.

सेतू केंद्र चालवत असाल तर कामाच्या लॅपटॉपला हात लावू नका. आधारच्या अंगठा-मशीनची आणि डिजिटल सहीच्या टोकनची सॉफ्टवेअरं मुख्यतः विंडोज धरून बनतात. गिऱ्हाईक दारात उभं असताना हे कळून उपयोग नाही.

मिंटची फाइल तीन जीबीच्या आसपास आहे. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर ती गावात उतरवू नका, तालुक्याला नेट मिळेल तिथं उतरवा आणि चेकसम, म्हणजे फाइल पूर्ण उतरली का हे सांगणारा साइटवरचा आकडा, जुळवा. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉल होताना मध्येच फसते. जुन्या लॅपटॉपची बॅटरी गेलेलीच असते, म्हणून लाइन जाण्याच्या वेळा ओळखून बसा किंवा इन्व्हर्टरवर लावा. एप्रिल-मे असेल तर सकाळी. दुपारी टिनाखाली जुना लॅपटॉप तापून बंद पडतो.

लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला की लगेच इन्स्टॉल दाबू नका. आधी तसंच चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा पाहा. ब्रॉडकॉम कंपनीचं वायफाय असेल तर ड्रायव्हर वेगळा टाकावा लागू शकतो. तेवढ्यापुरतं मोबाइलचं नेट यूएसबी वायरनं द्या. प्रिंटर लावून एक पान काढा. एचपी 1020 ला जादा प्लगइन लागतं, कॅननच्या 2900 चा ड्रायव्हर बसवताना घाम निघतो. विंडोज सुरूच होत नसेल तरी इथून त्याची डिस्क उघडते, म्हणजे फॉन्ट घ्यायची ही शेवटची संधी. घेतले ना? बॅकअपचा पेन ड्राइव्ह उघडून पुन्हा पाहा. इन्स्टॉल करताना इरेज डिस्क, म्हणजे डिस्क पुसा, म्हणालात की डी ड्राइव्हसुद्धा जातो, फॉन्ट तर जातातच.

इन्स्टॉल झाल्यावर होम फोल्डरात नावाआधी टिंब देऊन फॉन्ट्स असं इंग्रजीत, लहान अक्षरांत (.fonts), फोल्डर करा, सगळे फॉन्ट त्यात टाका, लिब्रेऑफिस (वर्डच्या जागचं लिनक्समधलं सॉफ्टवेअर) बंद करून उघडा आणि एक जुनी फाइल वाचून पाहा. नवं टाइप करायला श्रीलिपी आता विसरा. कीबोर्डमध्ये मराठी इनस्क्रिप्ट हा युनिकोडचा कीबोर्ड जोडा, ते जमत नसेल तर फोनेटिक, म्हणजे इंग्रजी उच्चारानं टाइप करायचा. अपडेट एकदा चालवा. तारीख सारखी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सेल बदला, नाहीतर ब्राउझर साइटा उघडू देणार नाही.