लिनक्सवर अक्षरं उशिरा उमटतात? आधी उशीर कुठे होतो ते शोधा

नाशकात रविवार कारंज्याजवळ माझ्या मावसभावाचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नसराईच्या तोंडावर त्याच्या लिनक्स संगणकावर पत्रिकेची फाइल उघडायला इतका वेळ लागायचा की गिऱ्हाईक समोर ताटकळायचं. तो नवी रॅम घ्यायला निघाला होता. मी थांबवलं, कारण दुखणं रॅमचं वाटत नव्हतं.

पहिलं निरीक्षण फुकटचं आहे. उशीर प्रोग्राम उघडताना होतो, की उघडल्यावर मजकूर वरखाली सरकवताना? फॉन्ट कोणता घ्यायचा ते फॉन्टकॉन्फिग ठरवतं, जोडाक्षरं हार्फबझ जुळवतं, फ्रीटाइप त्या आकारांचे ठिपके करतं आणि मग ते पडद्यावर चढतात. उघडताना अडकत असेल तर संशय फॉन्टकॉन्फिगवर, सरकवताना अडकत असेल तर पुढच्या टप्प्यांवर.

उघडताना अडकत असेल तर टर्मिनलमध्ये ‘टाइम एफसी-मॅच सॅन्स’ दोनदा चालवा. (आदेश इथे उच्चाराप्रमाणे दिलेत, टाकताना रोमन लिपीत, लहान अक्षरांत.) दुसऱ्यांदा उत्तर पापणी लवायच्या आत यायला हवं. तेव्हाही दोन-चार सेकंद गेले, तर फॉन्टांची कॅश (एकदा वाचलेल्या फॉन्टांची साठवलेली माहिती) बहुधा वापरलीच जात नाही आणि प्रत्येक प्रोग्राम सगळे फॉन्ट नव्याने वाचत बसतो. मग ‘एफसी-कॅश -व्ही’ चालवून ओळ न् ओळ वाचा. ‘/व्हार/कॅश’मध्ये लिहिता येत नाही अशी ओळ साध्या युजरला नेहमीच दिसते, ती सोडून द्या. तीच तक्रार होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘.कॅश’बद्दल असेल, तर चोर सापडला. भावाकडे त्यातल्या ‘फॉन्टकॉन्फिग’ फोल्डरची मालकी रूटकडे, म्हणजे सर्वाधिकारी खात्याकडे गेली होती. सुडो लावून (रूटच्या अधिकाराने) कधीतरी एखादा प्रोग्राम उघडला असणार. मालकी परत त्याच्या नावावर केली, ‘एफसी-कॅश -एफ’ने कॅश नव्याने बांधली आणि फाइल लगेच उघडू लागली.

‘एफसी-लिस्ट’ने फॉन्टही मोजून घ्या. डीटीपीवाल्यांकडे युनिकोडच्या आधीच्या काळातले शेकडो फॉन्ट साठलेले असतात. रोज न लागणारे फॉन्टच्या फोल्डरांबाहेर, वेगळ्या जागी हलवा. पुसू मात्र नका, जुन्या पत्रिकांतला मजकूर त्यांच्याशिवाय नीट दिसणार नाही.

मराठी मजकुरापुरताच संथपणा असेल तर ‘एफसी-मॅच सॅन्स:लँग=एमआर’ विचारा, मराठीसाठी कोणता फॉन्ट निवडला जातो ते कळेल. डेजाव्हू सॅन्स या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे तो निवडलेला असला की पर्यायी फॉन्टची शोधाशोध होते. नोटो सॅन्स देवनागरी किंवा लोहित बसवून दस्तऐवजात तोच थेट निवडा.

सरकवताना अडकत असेल तर ‘जीएलएक्सइन्फो -बी’ (इथला बी मात्र मोठा, कॅपिटल) चालवून रेंडररची ओळ पाहा. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ असेल तर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर कामाला लागलेला नाही, सारं चित्र प्रोसेसरच काढतोय. आधी ड्रायव्हर बसवा. तो ठीक असेल तर मजकूर सरकवत राहा आणि दुसऱ्या खिडकीत रूट म्हणून ‘परफ टॉप’ लावा, प्रोसेसरचा वेळ कुठे जातोय ते त्यात दिसतं. वर पिक्समन (पडद्यावरचे ठिपके रचणारी लायब्ररी) दिसलं तर वेळ पडद्यावर चढवण्यात जातोय, हार्फबझ दिसलं तर अक्षरं जुळवण्यात. त्या वेळी दुसरा फॉन्ट लावून तीच फाइल पुन्हा सरकवून पाहा. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतरचा वेळ वहीत टिपून ठेवा.