मत पटवून देणारा निबंध: आधी पूर्वपक्ष, मग आपली बाजू

मत पटवून देणारा निबंध लिहिताना बहुतेक जण पहिल्या वाक्यापाशीच अडतात, कारण नेमके काय सिद्ध करायचे आहे हेच त्यांचे ठरलेले नसते. ‘गृहपाठ’ हा विषय झाला, आणि ‘गृहपाठाचे फायदे-तोटे’ ही नुसती यादी झाली. ‘प्राथमिक वर्गांतील मुलांना लेखी गृहपाठ देऊ नये’ असे म्हटले, की त्याला कोणीतरी हरकत घेऊ शकतो. ज्या विधानाला कोणाचीच हरकत नाही, ते पटवून देण्यासाठी निबंध कशाला लिहायचा? या विधानातले ‘प्राथमिक’ आणि ‘लेखी’ हे शब्द मुद्दाम घातलेले आहेत, कारण विधान जितके आटोपशीर, तितके ते निभावून नेणे सोपे.

विधान ठरल्यावर लगेच आपले मुद्दे जमवू नयेत. संस्कृत शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, मांडून, त्याचे खंडन करून मग सिद्धान्ताकडे, म्हणजे आपल्या निर्णयाकडे, येण्याची रीत होती, आणि निबंधाच्या आखणीसाठी ती आजही उपयोगी पडते. विरोधकाचे म्हणणे त्याच्या तोंडी शोभेल अशा शब्दांत लिहून काढावे: गृहपाठाने सराव होतो, शिस्त लागते, मूल काय शिकते आहे ते पालकांना कळते. ‘शिक्षकांना वर्गात शिकवायचे नसते म्हणून ते गृहपाठ देतात’ असला लेचापेचा आक्षेप विरोधकाच्या माथी मारून तो खोडणे सोपे असते, पण ज्याचे मत बदलायचे, तो वाचक तिथेच दुरावतो. त्यापेक्षा सराव हवा हे मान्य करून टाकावे आणि मग दाखवावे, की वर्गात शिक्षकांच्या नजरेखाली केलेल्या सरावात चूक जागच्या जागी सुधारते, तर घरी तीच चूक दहा वेळा गिरवली जाऊ शकते. एखाद्या आक्षेपाला उत्तर सापडलेच नाही, तर आपले विधान आणखी आवरते घ्यावे. त्यात कमीपणा नाही.

निबंध सर्वाधिक फसतो तो मात्र कारण आणि विधान यांच्यामधल्या सांध्यात. न्यायदर्शन या भारतीय तर्कशास्त्रातले पंचावयवी वाक्य, म्हणजे पाच पायऱ्यांचा युक्तिवाद, इथे आठवावे. पर्वतावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. उपनय (तो नियम या पर्वताला लावणे) आणि निगमन (निष्कर्ष) त्यानंतर येतात. लिहिणारा पहिल्या दोन पायऱ्या चढतो आणि तिसरी गाळतो. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये युक्तिवादाची जी रचना मांडली, तिच्यातही पुरावा आणि दावा यांना जोडणाऱ्या या दुव्याला स्वतंत्र स्थान आहे. ‘मुले संध्याकाळी थकलेली असतात, म्हणून गृहपाठ नको’ या वाक्यात ‘थकलेल्या मुलाला काहीच शिकवू नये’ असा नियम गृहीत धरलेला आहे, आणि तो उघडा लिहिला की लक्षात येते, की त्याच नियमाने संध्याकाळचा गाण्याचा क्लासही बंद करावा लागेल. म्हणून प्रत्येक ‘म्हणून’च्या आधीचा न लिहिलेला नियम कागदावर उतरवून पाहावा.

पुराव्याची मर्यादा सांगितल्याने पुरावा दुबळा होत नाही. हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिकेतील संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यात गृहपाठ आणि शैक्षणिक यश यांचा संबंध सातवी ते बारावीत अधिक ठळक आणि सहावीपर्यंत क्षीण आढळला. हा आपल्या बाजूचा चांगला आधार आहे. पण त्यावरून ‘गृहपाठ निरुपयोगी असल्याचे सिद्ध झाले’ असे लिहिणे म्हणजे हातचे घालवणे, कारण क्षीण संबंध म्हणजे निरुपयोग नव्हे आणि जाणकार वाचक नेमके तिथे बोट ठेवतो.

मुद्द्यांच्या क्रमाचा फार घोळ घालू नये: सर्वांत भक्कम मुद्दा शेवटी, त्याखालचा सुरुवातीला आणि उरलेले मध्ये, एवढे पुरते. पहिला खर्डा झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाच्या समासात तो काय सिद्ध करतो ते एका ओळीत लिहावे. ज्याच्यासाठी ओळ सुचत नाही तो परिच्छेद, कितीही आवडता असला तरी, काढावा. ज्याला दोन ओळी लागतात तो फोडावा. सुरुवातीचा परिच्छेद मात्र सर्वांत शेवटी पुन्हा लिहावा, कारण निबंध लिहिताना आपले विधान थोडेफार सरकलेले असते आणि जुनी सुरुवात त्याला लागू पडत नाही.