८० हजारांचं घड्याळ घेण्याआधीचा एक महिना

दिवाळी सरली की कमाटीबागेच्या फाटकाशी पहाटे साडेपाचपासून स्कूटरी लागायला लागतात. बडोद्यात पळणाऱ्यांचा हा हंगाम. आणि ह्याच दिवसांत कुणी ना कुणी मला विचारतंच, "ताई, ते महागडं स्पोर्ट्स वॉच घेऊ का?" एका शब्दात उत्तर देणं मला पटत नाही, कारण ते प्रत्येकाचं वेगळं निघतं. ते कसं शोधायचं, एवढं मात्र सांगू शकते. त्यासाठी एक महिना हाताशी ठेवा आणि तोवर दुकानाची पायरी चढू नका.

सुरुवात शंभर पानी वहीनं करा. पळून आलात की चहाच्या आधी त्यात एकच ओळ लिहायची: आज पळताना असा कुठला प्रश्न पडला, ज्याचं उत्तर मला मिळालं नाही? अंतर किती झालं, हे खिशातला फोन सांगतो. वेग झेपतोय का, हे शेजारच्याशी बोलून कळतं; एक अख्खं वाक्य धाप न लागता बोलता आलं तर झेपतोय. रस्ता कुठे वळतो, हा प्रश्न दांडिया बाजारातून सूरसागराकडे जाताना पडत नाही, पण पावागढच्या रानवाटेवर पडतो. महिनाअखेर वही उघडलीत की तुम्हाला घड्याळाकडून नेमकं काय हवंय ते तुमच्याच अक्षरात समोर येईल. पानं कोरी राहिली असतील, तर ते पैसे चांगल्या बुटांवर खर्च करा. हे मी अगदी मनापासून सांगते.

त्याच वहीत मागच्या पानावर हिशेब मांडा. ॲपल वॉच अल्ट्रा २ हे घड्याळ २०२३ साली भारतात आलं तेव्हा त्याची किंमत ८९,९०० रुपये होती. ते चार वर्षं वापरलंत आणि आठवड्यातून तीनदा पळालात, तर ६२४ वेळा पळणं झालं, म्हणजे दर वेळेला साधारण १४४ रुपये. २२ हजारांच्या घड्याळाला हाच आकडा ३५ येतो. मधला फरक तुम्हाला परवडतो की नाही, हा तुमच्या घरचा प्रश्न. पण आकडा कागदावर आल्याशिवाय घरात बोलू नका.

आता नाडीच्या ठोक्यांबद्दल, कारण बहुतेक जण त्यासाठीच घड्याळ घेतात. मागच्या जानेवारीत विश्वामित्रीच्या बाजूनं मैत्रिणीशी गप्पा मारत मी आरामात पळत होते. मनगट सांगत होतं १७२. त्या दिवशी भाच्याचा छातीला बांधायचा पट्टा उसना घेतला होता, तो सांगत होता १३८. मग मिनिटभर पावलं मोजली, ती भरली १७२! माझं घड्याळ हृदयाचे ठोके समजून पावलांचा ठेका मोजत होतं. हे घड्याळ स्वस्तातलं नव्हतं. त्याआधी दोन महिने मी त्या आकड्याला भिऊन विनाकारण हळू पळत होते, ह्याची हळहळ अजून जात नाही.

असं होण्याचं कारण समजून घेतलंत तर पैसे वाचतील. मनगटावरचं सेन्सर त्वचेत हिरवा प्रकाश सोडतं आणि रक्ताच्या लाटेबरोबर त्यात होणारा बदल वाचतं. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, पट्टा सैल असला की घड्याळ हलतं, आणि मग रक्ताच्या लाटेपेक्षा हाताचा झोकाच जास्त स्पष्ट उमटतो. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट पकडतो, म्हणून तो असा फसत नाही. तेव्हा घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट बांधून पाहा. आधी पाच मिनिटं चालून अंग तापवा. आणि शक्य असेल तर कुणाचा तरी छातीचा पट्टा आठवडाभर मागून आणा. माझं मत विचाराल तर मधल्या किमतीचं घड्याळ अधिक छातीचा पट्टा ही जोडी एकट्या महागड्या घड्याळापेक्षा जास्त कामाची. आज मी तीच वापरते.

ठोक्यांवरून पळण्याचा जोर घड्याळ रंगांच्या टप्प्यांत, म्हणजे झोनमध्ये, दाखवतं. ते रंगही डोळे झाकून मानू नका. २२० उणे वय ह्या सूत्रानं पंचेचाळिशीच्या माणसाचे कमाल ठोके १७५ निघतात, पण प्रत्यक्षात ते दहा-बारानं कमी-जास्त असणं अगदी नेहमीचं आहे. पाया चुकला की वरचे सगळे रंग चुकले. आणि कुणाला चालताना छातीत जड वाटत असेल, घरात हृदयविकार असेल, तर घड्याळाआधी डॉक्टरांकडे जा. घड्याळातली ईसीजीची (हृदयाचा आलेख काढायची) सोय देशागणिक मान्यतेवर अवलंबून असते. बाहेरच्या देशात चालणारी सोय इथे बंद असू शकते. त्या आशेवर वडिलांसाठी घड्याळ मागवू नका.

अंतराची परीक्षा सोपी आहे. मांजलपूरच्या क्रीडा संकुलात जाऊन ट्रॅकच्या सगळ्यात आतल्या लेनमधून दहा फेऱ्या मारा. त्या ४ किलोमीटर भरतात. आठव्या लेनमध्ये एकच फेरी सुमारे ४५३ मीटरची होते, म्हणून लेन सोडू नका. मग फोन किंवा मित्राचं घड्याळ काय दाखवतं ते वहीत लिहा. महागड्या घड्याळांत उपग्रहाचे दोन सिग्नल, एल१ आणि एल५, एकत्र वाचायची सोय असते. इमारतींवर आपटून आलेला सिग्नल त्यामुळे ओळखता येतो. मांडवीच्या पोळांत, म्हणजे जुन्या वस्तीच्या अरुंद गल्ल्यांत, किंवा कमाटीबागेतल्या दाट झाडांखाली त्याचा उपयोग दिसेल. शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर मात्र साधं घड्याळही पुरेसं अचूक चालतं. शर्यतीत २१.०९७५ किलोमीटरऐवजी घड्याळात थोडं जास्त भरलं, तर आयोजकांशी भांडू नका. मार्ग सगळ्यात जवळच्या रेषेनं मोजलेला असतो आणि आपण वळणांवर बाहेरून पळतो.

बॅटरीचा विचार तुमच्या सर्वांत लांब दिवसावरून करा. अडीच तासांची हाफ मॅरेथॉन हा आज कुठल्याही चांगल्या घड्याळाला किरकोळ पल्ला. पण भाचा ह्या वर्षी १०० किलोमीटर पळणार आहे, त्याच्या वहीत "रात्री चार्जिंग कुठे?" आणि "फाटा चुकलो" हे दोन प्रश्न तीन-तीनदा आले होते. त्यानं नकाशाचं, वरच्या किमतीचं घड्याळ घेतलं आणि योग्य केलं. नर्मदा परिक्रमेला महिनोन्महिने निघणाऱ्यांनाही मी तसंच सांगेन. चैत्रातली एका दिवसात होणारी उत्तरवाहिनी परिक्रमा करणाऱ्यांना त्याची गरज नाही. पावागढला चढाई मोजायची असेल तर हवेच्या दाबावरून उंची सांगणारं सेन्सर आहे ना, एवढं विचारा.

एवढं झाल्यावर दुकानात जा, आणि जाताना पळायचाच टीशर्ट घाला. बोटं ओली करून स्क्रीन चालते का पाहा. आपल्याकडच्या जून महिन्यात बटणांचं महत्त्व कळतं. घड्याळ बांधून मनगट मागे वळवा, कडा टोचते का बघा. सोबत आलेल्याला तिथूनच मराठीत आणि गुजरातीत मेसेज पाठवायला सांगा. काही घड्याळांत अक्षरांऐवजी नुसते चौकोन येतात. ॲपलचं घड्याळ आयफोनशिवाय जोडता येत नाही, तेव्हा घरात अँड्रॉइड असेल तर तो विषय तिथेच संपला. घड्याळावर ५ एटीएम (पाण्याचा दाब सोसायची क्षमता) लिहिलंय म्हणजे ५० मीटर खोल बुडी मारता येते असं नाही, तो स्थिर पाण्याच्या दाबाचा आकडा आहे. पोहायला मात्र चालतं.

दरमहा काही भरावं लागतं का, हेही विचारा. गार्मिन ह्या घड्याळांच्या कंपनीनं मार्च २०२५ मध्ये कनेक्ट प्लस नावाची पैसे भरून घ्यायची सेवा आणली. मूळ ॲप फुकटच आहे, पण फुकटात काय मिळतं ते दुकानदाराकडून फोनवर उघडून बघा. जुलै २०२० मध्ये सायबर हल्ल्यामुळे त्याच कंपनीची ऑनलाइन सेवा काही दिवस ठप्प झाली होती. घड्याळं पळणं नोंदवत होती, पण नोंदी ॲपवर चढत नव्हत्या. म्हणून आपली नोंद वायरनं कॉम्प्युटरवर उतरवता येते का, हे कुठल्याही घड्याळाबाबत विचारून ठेवा.

दुबईहून किंवा अमेरिकेहून येणारे पाहुणे स्वस्तात आणतो म्हणतील. त्यांना हो म्हणण्याआधी भारतात वॉरंटी लागू आहे का ते लेखी पाहा. पट्टे, चार्जर बदलून इथे मिळतात का? बॅटरी तीन-चार वर्षांनी दमते, तेव्हा दुरुस्ती कुठे होते? उघडलेलं खोकं किती दिवसांत परत घेतात? ही उत्तरं पैसे देण्याआधी घ्या. बिलावर सिरियल नंबर आणि दुकानाचा शिक्का घ्या, आणि घरी आलात की ते बिल त्याच वहीत चिकटवून टाका.