काळी बिअर जरा फ्रीजबाहेर काढा

ठाण्यातली थंडी ती केवढी! पहाटे येऊरकडून गार वारा येतो, तलावपाळीवर चार मफलर दिसतात आणि अकरा वाजता पुन्हा पंखा लागतो. त्यामुळे आपल्याकडे बिअर बाराही महिने 'एकदम चिल्ड' लागते. हिवाळी क्राफ्ट बिअरचं, म्हणजे छोट्या प्रमाणात हौसेनं बनवलेल्या बिअरचं, मातेरं होतं ते इथेच.

डिसेंबर आला की ब्रूपबच्या, म्हणजे स्वतःची बिअर बनवणाऱ्या पबच्या, फळ्यावर स्टाउट आणि पोर्टर या काळ्या बिअर, क्वचित दालचिनी-जायफळ-संत्र्याची साल घातलेली एखादी एल (बिअरचाच एक प्रकार) झळकते. स्टाउटचा काळेपणा भाजलेल्या बार्लीचा. चकलीची भाजणी करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. धान्य बदामी झालं की खमंग, जरा पुढे गेलं की कडवट. या बिअरमधला कॉफी-कोकोचा स्वाद त्या दोन्हींच्या मधल्या रेषेवरचा.

काळी म्हणजे कडक, हा मात्र गैरसमज. गिनेस ड्राफ्टमध्ये अल्कोहोल असतं 4.2 टक्के, म्हणजे दुकानात मिळणाऱ्या आपल्या 'स्ट्राँग'पेक्षा कितीतरी कमी. उलट इंपीरियल स्टाउट, म्हणजे स्टाउटचाच जास्त कडक प्रकार, 8 टक्क्यांच्याही पुढे जाते. तेव्हा यादीत आधी हा आकडा वाचा, नाव मागाहून. तो मोठा असेल तर एक बाटली दोघांत.

आता मुद्दा तापमानाचा. फ्रीजमध्ये असतात 4-5 अंश. इतक्या गारठ्यात जीभ बधिर होते. लागरला, म्हणजे नेहमीच्या फिक्या पिवळ्या बिअरला, ते चालतं, पण स्टाउट 10-12 अंशांवर आली की बोलू लागते. मी बाटली ओट्यावर काढून ठेवते आणि भाकऱ्या थापायला घेते. वीसेक मिनिटांत पाच होतात, तेवढ्यात स्टाउट तयार. इंपीरियल असेल तर आणखी दहा-पंधरा मिनिटं.

स्टीलचा पेला नको, यात निम्मी मजा वासाची आहे. तोंडाशी निमुळता होणारा वाइनचा ग्लास उत्तम. पण काल त्यात कुणी ताक प्यायलं असेल तर नीट घासा. तुपकटपणा राहिला की फेस बसतो. ओतल्यावर ग्लासच्या कडेला आतून बुडबुडे चिकटून राहिले तर समजायचं, ग्लास स्वच्छ नाही. फडक्यानं पुसू नका, उपडा घालून वाळू द्या. ग्लास तिरका धरून ओता, शेवटी सरळ करा, वर दोन बोटं फेस येऊ द्या.

ग्राउलरचा, म्हणजे ब्रूपबमधून ताजी बिअर भरून आणायच्या झाकणाच्या मोठ्या बाटलीचा, धडा मी पैसे मोजून शिकले. गेल्या वर्षी गर्दी टाळायची म्हणून 24 तारखेलाच पोर्टर भरून आणली आणि 31 पर्यंत फ्रीजमध्ये जपली. मध्ये एकदा 'फक्त चव बघायला' झाकणही उघडलं. ऐन रात्री उघडली तर फुस्स आवाजसुद्धा नाही. दीर एक घोट घेऊन म्हणाला, "वहिनी, खोकला मला नाही, दादाला झालाय." नळावरून भरताना आत हवा शिरते, गॅस उडत जातो. भरलेला ग्राउलर दोन दिवसांत उघडावा आणि उघडला की त्याच रात्री संपवावा. त्यासाठी माणसं आधी मोजावीत, लिटर नंतर.

सोबत खायला काय? चुलीवर नाही तर गॅसवर, पण चांगलं काळं होईस्तोवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी. धुरकट वास आणि पोर्टर यांचं छान जमतं. झणझणीत रस्सा मात्र जड बिअरबरोबर नको, अल्कोहोलनं तिखट आणखी भडकतं. नाताळात शेजारून प्लम केक आणि कुलकुल येतात, ते स्टाउटबरोबर ठेवून देते. माझ्या मते खरी जोडी जानेवारीतली. गुळपोळीच्या कडेचा तुकडा, जिथे गूळ तव्याला लागून किंचित करपलेला असतो, तो चावायचा आणि वर स्टाउटचा एक घोट. तीळ, गूळ, भाजलेली बार्ली, सगळं एकाच स्वयंपाकघरातलं वाटतं. सासूबाईंना हे अजून सांगितलेलं नाही.

यंदा ग्राउलर भरून आणायला 31 ला दुपारी दीर जाणार आहे. पिशवी मी कालच दिली, आणि येताना-जाताना रिक्षानंच ये, असंही बजावलंय. तिथे दोन-तीन सॅम्पल चाखल्याशिवाय तो परतायचा नाही.