विटबिअर चाखताना: टेस्टिंग पॅनलवरचं माझं पहिलं वर्ष

पुण्यातल्या ब्रुअरीत रुजू झाले त्याच आठवड्यात मला टेस्टिंग पॅनलवर बसवलं. समोर झाकलेला ग्लास आणि कोरा कागद. बिअर बेल्जियन विटबिअरच्या, म्हणजे धने आणि संत्र्याची साल घातलेल्या गव्हाच्या बिअरच्या धर्तीची, पण जोरकस, साडेसात टक्के अल्कोहोलची. मी कागदावर लिहिलं, 'सिट्रसी, स्पायसी, रिफ्रेशिंग.' हेड ब्रुअर सरांनी कागद परत माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "हे सगळं लेबलवर छापलेलंच आहे. तुझ्या नाकाला काय लागलं ते लिही."

मी पुन्हा वास घेतला. माझं बालपण वरूडकडचं, घरची संत्र्याची बाग. लहानपणी संत्र्याची साल दुमडून एकमेकांच्या डोळ्यांत पिळायचो. तेव्हा जो बारीक, झोंबणारा फवारा उडायचा, तोच वास ग्लासातून येत होता. रसाचा नव्हता, गराचाही नव्हता, सालीतल्या तेलाचा होता. त्याच्या मागे खलबत्त्यात नुकतेच भरडलेले धने. भाजलेले नव्हेत, कच्चेच. आणि घोट गिळल्यावर, नाकाने श्वास सोडताना, लवंग. मी तसंच लिहिलं. सरांनी विचारलं, "लवंग कुठून आली?" मी म्हटलं, "मसाल्यात घातली असेल." रेसिपीत लवंग नव्हतीच.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हाच प्रसंग सांगते. गव्हात आणि बार्लीत फेरुलिक आम्ल असतं. बेल्जियन जातीचं यीस्ट आंबवताना त्याचं ४-व्हिनाइल ग्वायाकॉल करतं, आणि आपल्या नाकाला ते लवंगेसारखं लागतं. म्हणजे विटबिअरमध्ये मसाला दोन वाटांनी येतो: एक आपण हाताने घातलेला, दुसरा यीस्टने घडवलेला. धने जास्त झाले तर रेसिपी बदलायची, लवंग जास्त झाली तर यीस्ट आणि आंबवण्याचं तापमान बघायचं. नुसतं 'स्पायसी' लिहिलं तर ब्रुअरने नक्की कुठे हात घालायचा?

विटबिअर हा प्रकार बेल्जियमच्या होगार्डन गावचा. तिथली विटबिअरची शेवटची ब्रुअरी १९५०च्या दशकात बंद पडली. गावातल्याच पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने १९६६ मध्ये ही बिअर पुन्हा बनवायला सुरुवात केली. तरुणपणी त्याने तिथल्या ब्रुअरीत हाताखाली काम केलं होतं, त्यामुळे चव त्याच्या जिभेवर होती. एका माणसाच्या आठवणीतून एक अख्खा प्रकार परत आला, हे मला आजही थक्क करतं. साधारण निम्मा मॉल्ट न केलेला, म्हणजे मोड न आणलेला गहू, निम्मं बार्लीचं फिकट मॉल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली), थोडे ओट्स, धने आणि कुरसाओ बेटाच्या नावाने ओळखली जाणारी कडू संत्र्याची वाळवलेली साल, असा तिचा ढाचा. नेहमीची विटबिअर पाच टक्क्यांच्या आसपास असते. होगार्डनच्याच ब्रुअरीची 'ग्राँ क्रू' ही जोरकस बिअर मात्र साडेआठची.

टक्के वाढले की चाखण्याची रीतही बदलते. हलकी विटबिअर थंडगार, चार-पाच अंशांवर छान लागते. जोरकस बिअर त्याच तापमानाला चाखली तर तिचे दोष झाकले जातात. म्हणून मी एकच ग्लास दोनदा चाखते: फ्रिजमधून काढल्याबरोबर, आणि पंधरा-वीस मिनिटांनी, दहा-बारा अंशांवर आल्यावर. या दुसऱ्या खेपेला खरं काय ते कळतं. चांगल्या बिअरमध्ये अल्कोहोलची ऊब गिळल्यानंतर छातीशी जाणवते. घसा भाजतोय किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतोय, तर आंबवताना यीस्टला त्रास झालाय असं समजा. गव्हामुळे तोंडात मऊ, दुधाळ भरीवपणा हवा, पण शेवट कोरडा. चिकट गोडवा मागे राहिला तर दुसरा घोट नकोसा होतो.

गढूळपणाला घाबरू नका, तो हवाच. गव्हातली प्रथिनं आणि स्टार्च यांच्यामुळे तो येतो. बाटलीच्या तळाशी यीस्ट बसलेलं असेल तर आधी वरची बिअर ओता, उरलेली हलकेच घुसळा, मग तीही ओता. तळाचं यीस्ट ओतण्यापूर्वी आणि नंतर असे दोन वेगळे वास घेऊन बघा.

धन्यांच्या बाबतीत माझी चूक सांगते. दुसऱ्या सहामाहीत पहिली ५०० लिटरची बॅच माझ्याकडे आली. बिअर जोरकस आहे म्हणून धने दुपटीपेक्षा जास्त घातले, आणि शेवटच्या पाच मिनिटांऐवजी तासभर वर्टमध्ये, म्हणजे आंबवण्याआधीच्या धान्याच्या गोड काढ्यात, उकळू दिले. सालीचा आणि धन्यांचा सुगंध वाफेबरोबर उडून गेला आणि मागे राहिला तो शिजलेल्या भाजीच्या देठांचा, जरासा खारवलेल्या मांसासारखा वास. पॅनलवरच्या पाचही जणांनी तो पकडला. बॅच ओतून द्यावी लागली. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून धने मी स्वतः निवडते, स्वतः भरडते, आणि गॅस बंद करायच्या जरा आधी घालते. आपले लांबट, फिकट धने या कामाला फार चांगले. बारीक गोल दाण्यांपेक्षा त्यांना लिंबासारखा वास जास्त असतो, आणि बाहेरचे ब्रुअरही ते मुद्दाम मागवतात.

सरावासाठी घरात छोट्या बरण्या ठेवा: धने, संत्र्याची आणि मोसंबीची साल, लवंग, पिकलेलं केळं, ओला पुठ्ठा. हो, पुठ्ठाही. जुनी झालेली बिअर तशीच लागते. डोळे मिटून वास ओळखायचा. मग तीन ग्लास मांडायचे, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी, आणि वेगळा ग्लास शोधायचा. ही त्रिकोणी चाचणी रोज करा. सुरुवातीला मी निम्म्या वेळा चुकायचे.

पॅनल बहुधा सकाळी, जेवणाआधी असतं. मिसळ खाऊन, अत्तर लावून येऊ नका. दर नमुना ५० मिलिलिटर पुरे, मध्ये साधं पाणी आणि पावाचा तुकडा. कडवटपणा घशाशी कळतो म्हणून थोडं गिळावं लागतं. त्यामुळे सहापेक्षा जास्त नमुने नकोत, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

शिक्षणाचं विचाराल तर मी मायक्रोबायोलॉजी केलं. फूड टेक्नॉलॉजीवालेही येतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन, ब्रुइंग आणि अल्कोहोल टेक्नॉलॉजीचा अभ्यासक्रम आहे. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ ब्रुइंग अँड डिस्टिलिंगच्या परीक्षा नोकरी करतानाही देता येतात. पण मुलाखतीला गेलात की बहुतेक ठिकाणी तुमच्यासमोर ग्लास ठेवला जाईल.

गेल्या आठवड्यात नव्या बॅचच्या कागदावर मी लिहिलं: 'सालीचा फवारा स्पष्ट, धने किंचित कमी, लवंग ठीक, गरम झाल्यावर घसा तापतो.' सरांनी वाचलं आणि पुढची बॅच दोन अंश थंड आंबवायची असं फळ्यावर लिहून टाकलं.