एकच गळ तिन्ही माशांना चालत नाही: लेक फोर्कवर या चुका टाळा

टेक्ससमधील डॅलसच्या पूर्वेस गाडीने साधारण दीड तासावर असलेला लेक फोर्क हा सुमारे २७,००० एकरांचा जलाशय लार्जमाउथ बास या रुंद तोंडाच्या शिकारी माशासाठी अमेरिकाभर नावाजलेला आहे. या राज्याचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, जानेवारी १९९२ मध्ये याच पाण्यातून निघाला, आणि तो पकडणारा माणूस त्या दिवशी बाससाठी नव्हे, तर क्रॅपी या लहान, चपट्या माशासाठी गळ टाकून बसला होता. ही हकीकत ऐकली की नवशिक्याला वाटते, एकच आमिष लावून बसावे आणि नशिबात असेल ते गळाला लागेल. असा योग क्वचित येतोही. पण दिवसभर बसून रिकाम्या हाताने परतणाऱ्यांपैकी बहुतेकांची चूक नेमकी या समजुतीत असते. बास, क्रॅपी आणि कॅटफिश (मिशा असलेला, शिंगटीसारखा मासा) एकाच पाण्यात राहत असले तरी त्यांचे थर वेगळे, खाण्याची रीत वेगळी आणि तोंडाची घडणही वेगळी असते.

सर्वांत महागात पडणारी चूक खोलीची आहे. जुलै-ऑगस्टच्या उन्हात मासा गारव्यासाठी तळाशी जात असेल असे आपण धरून चालतो. मीही पहिल्या उन्हाळ्यात तेच केले, आणि ३५ फूट खोल पाण्यात तळाशी आमिष सोडून सहा तास बसलो. एकही मासा लागला नाही. मात्र ओठातून हलकेच गळ ओवून खाली सोडलेला जिवंत मिनो, म्हणजे आमिषाचा छोटा मासा, दर वेळी थोड्याच वेळात मेलेला वर येत होता, आणि खरे उत्तर त्यातच होते. उन्हाळ्यात वरचे तापलेले, हलके पाणी आणि खालचे थंड, जड पाणी एकमेकांत मिसळत नाही. त्यामुळे खालच्या थरातील प्राणवायू हळूहळू संपून जातो आणि तेथे मासा टिकत नाही. या दोन थरांमधील सीमा प्रत्येक जलाशयात वेगळ्या खोलीवर असते. फिशफाइंडरची (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे दाखवणाऱ्या यंत्राची) संवेदनशीलता वाढवली की ती बहुधा आडव्या, धूसर पट्ट्यासारखी दिसते. आमिष या पट्ट्याच्या वर ठेवावे, किंवा जेथे तळच त्याहून उथळ आहे अशी जागा शोधावी. फिशफाइंडर नसेल, तर मेलेला मिनो हीच खूण समजून आमिष पाच-पाच फुटांनी वर घ्यावे.

क्रॅपीच्या बाबतीत खोलीची चूक आणखी बारीक असते. या माशाचे डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असतात आणि तो वर पाहून खातो. म्हणून पाण्यात उभ्या असलेल्या झाडाशी क्रॅपीचा थवा १५ फुटांवर असेल आणि आपले आमिष १८ फुटांवर लटकत असेल, तर ते त्याला जणू नाहीच. थव्याच्या फूट-दोन फूट वर आमिष ठेवावे. दुसरे म्हणजे, बूच बुडण्याचीच वाट पाहत बसू नये. क्रॅपी बरेचदा आमिष तोंडात धरून वर सरकतो, आणि मग खालचा भार हलका झाल्याने उभे असलेले बूच पाण्यावर हळूच आडवे पडते. नवखा माणूस ते वाऱ्याने पडले असे समजतो आणि मासा आमिष घेऊन निघून जातो. अशा वेळी रॉड नुसता अलगद वर उचलावा, हिसका अजिबात देऊ नये. क्रॅपीच्या ओठामागचा पडदा उजेडात धरला तर आरपार दिसावा इतका पातळ असतो. हिसक्याने तो फाटतो, आणि हवेत लटकावून होडीत घेतानाही फाटतो. जाळी जवळ असलीच पाहिजे.

बासला मात्र हाच हळुवारपणा नडतो. आमिष म्हणून लावलेल्या प्लास्टिकच्या किड्यात गळाचे टोक लपवलेले असते, आणि ते किड्यातून बाहेर येऊन कडक जबड्यात रुतायला जोर लागतो. अनेकजण टकटक जाणवताच, दोरीत ढील असतानाच हिसका देतात. तो सारा जोर ढील ताणण्यात जातो. आधी रीळ फिरवून दोरी ताठ करावी, मासा रॉडच्या शेंड्यावर जड लागला पाहिजे, आणि मगच रॉड जोराने मागे घ्यावा. लेक फोर्कमध्ये पाण्याखाली जुनी झाडे भरपूर असल्याने क्रॅपीची बारीक दोरी येथे बाससाठी वापरू नये. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने ओली करावी, कारण कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि दोरी तेथेच कमकुवत होते. वजनदार बासला केवळ खालच्या जबड्याने आडवे उचलू नये. दुसरा हात पोटाखाली द्यावा.

कॅटफिशसाठी वर्तुळाकार गळ लावून पुन्हा हिसका देणे ही तर हमखास दिसणारी चूक आहे. या गळाची रचनाच अशी असते की मासा आमिष घेऊन वळला की तो जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. हिसक्याने तो तोंडातून बाहेर ओढला जातो. रॉड स्टँडमध्येच राहू द्यावा आणि शेंडा वाकून वाकलेलाच राहिला की मग हात लावावा. कॅटफिशला वाटेल तो कुजका वास आवडतो हाही गैरसमज आहे: चॅनेल कॅटफिश उग्र वासाच्या तयार आमिषावर येतो, पण ब्लू कॅटफिशला ताज्या शॅड माशाचे तुकडे लागतात, आणि फ्लॅटहेडला शक्यतो जिवंत मासाच. गावाकडे नदीत ज्यांनी शिंगटी हाताळली आहे, त्यांना पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे दोन काटे वेगळे सांगायला नकोत. येथेही ते तसेच टोचतात.

नियमांतील चुका दंडाच्या असतात, म्हणून निघण्यापूर्वी राज्याच्या वन्यजीव विभागाचे चालू वर्षाचे नियम वाचावेत आणि १७ वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाचा परवाना काढावा. लेक फोर्कवर १६ ते २४ इंचांमधील बास परत सोडावाच लागतो. मोजताना तोंड मिटलेले आणि शेपटीची टोके जुळवलेली हवीत. क्रॅपीला एरवी किमान १० इंचांची अट आहे, परंतु डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर ती नसते आणि पकडलेला प्रत्येक क्रॅपी ठेवावा लागतो. हा नियम अनेकांना उलटा वाटतो. खोल पाण्यातून झपाट्याने वर आणलेल्या माशाचा वाताशय (पोटातील हवेची पिशवी) फुगतो आणि सोडला तरी तो बहुधा मरतो. म्हणून लहान सोडून मोठे निवडायचे नाहीत, दिवसाच्या मर्यादेचे २५ झाले की क्रॅपीची मासेमारी थांबवायची.

परतताना होडीतील सर्व पाणी काठावरच काढून टाकणे टेक्ससमध्ये बंधनकारक आहे, कारण २००९ मध्ये लेक टेक्सोमात सापडलेले उपद्रवी झेब्रा शिंपले त्यानंतर राज्यातील अनेक जलाशयांत पसरले आणि उरलेल्या पाण्यातील त्यांची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत. उरलेले मिनो त्याच बादलीत, त्याच पाण्यात घरी नेऊन पुढच्या शनिवारी दुसऱ्या तलावावर वापरण्याचा बेतही यात बसत नाही. बादली काठावर रिकामी करावी आणि नव्या तलावासाठी मिनो नवे घ्यावेत.