फ्रूट ब्रेडला बसण्याआधी

फ्रूट ब्रेड रविवारी हवा असेल तर शनिवारी संध्याकाळीच हात घाला, आणि तेही सुक्यामेव्याला. बेळगावच्या रविवार पेठेतून बेदाणे, काळे मनुके, खजूर, थोडे अंजीर आणि टुटीफ्रुटी असं सगळं मिळून दीडशे ग्रॅम आणलं की 400 ग्रॅम मैद्याला पुरतं. हात सैल सोडून अडीचशे ग्रॅम घातलं तर ब्रेड फुगायला मागत नाही आणि कापताना भुगा होतो. गोकाकी करदंटासाठी (म्हणजे डिंक-मेव्याच्या वडीसाठी) आणलेला मेवा उरला असेल तर तोही चालेल. काजू चंदगडकडचे चांगले, पण ते आख्खे न घालता तुकडे करून घाला. तळलेला डिंक मात्र यात नको.

मेवा कोरडाच घातला तर तो पिठातलं पाणी ओढून घेतो. मग ब्रेड कोरडा पडतो आणि वर आलेले बेदाणे करपून कडू लागतात. म्हणून रात्री ते संत्र्याच्या रसात भिजत ठेवा. गोवा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे रमची बाटली घरात असलीच तर दोन चमचे तीही घाला. कुणाला सांगत बसायची गरज नाही. टुटीफ्रुटी भिजवू नका, पाकातलीच असते ती. सकाळी मेवा चाळणीत निथळून सुती फडक्यावर पसरा. बेदाणा बोटांत दाबल्यावर मऊ लागला पाहिजे, पण फडक्याला ओला डाग उमटता कामा नये. डाग उमटत असेल तर अजून अर्धा तास राहू द्या. शेवटी चमचाभर मैद्यात घोळवून बाजूला ठेवा.

ताजं फळ घालायची हौस असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कच्च्या अननसात असा एक घटक असतो की तो मैद्यातला चिवटपणाच तोडतो आणि पीठ सैल पडतं. त्यामुळे अननस साखरेत शिजवून, पाणी आटवून मगच घ्या. मे महिन्यात खानापूरकडून फणस येतो. त्यातला कापा फणस बारीक चिरून तसाच आटवला तर फार छान लागतो, माझं मत विचाराल तर टुटीफ्रुटीपेक्षा कितीतरी सरस. पिकलं केळं या पिठात नको. केळ्याचा ब्रेड सोड्यावर होतो, त्याचं गणितच वेगळं.

बाकीचं सामान वजनकाट्यावर मोजूनच काढा: मैदा 400 ग्रॅम, साखर 60, लोणी 50, मीठ एक चमचा, इन्स्टंट यीस्टचं 7 ग्रॅमचं पाकीट, दूध 200 मिली आणि एक अंडं. अंडं चालत नसेल तर तेवढंच दूध वाढवा. आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात मैदा ओल धरतो, म्हणून दूध एकदम ओतायचं नाही, दोन-तीन चमचे मागे ठेवायचे. दालचिनीचा वास कितीही आवडत असला तरी अर्ध्या चमच्यावर थांबा, जास्त झाली की यीस्ट मंदावतं. मी वेलदोडा आणि जायफळच घालते.

यीस्टच्या पाकिटावरची तारीख बघा. उघडं पाकीट फ्रीजमध्ये पडून असेल तर आधी त्याची परीक्षा घ्या. मोजलेल्यातलंच अर्धी वाटी कोमट दूध घ्या, त्यात चमचाभर साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं झाका. वर फेस आला तर पुढे जा, नाहीतर नवीन पाकीट आणा. दुधात बोट सुखाने टिकलं पाहिजे, म्हणजे साधारण 40 अंश. गॅसवरून उतरवलेलं कढत दूध ओतलं की यीस्ट मेलंच म्हणायचं.

आता करंट. दुरुस्तीसाठी कुठल्या भागात, कधी करंट जाणार हे पेपरात आलेलं असतं, ते वाचूनच दिवस ठरवा. घरगुती इन्व्हर्टरवर ओव्हन चालत नाही. पीठ फुगल्यावर करंट गेला तर परात झाकून फ्रीजमध्ये सारा, काही बिघडत नाही. भाजताना गेला तर ओव्हनचं दार उघडू नका, आतल्या उष्णतेवर थोडा वेळ निघतो. दिवाळीत नानकटाई बेकरीच्या भट्टीवर भाजून आणतो तसं इथे जमत नाही, कारण फुगलेलं पीठ कुणाच्या रांगेत थांबत नाही.

वेळ मोकळा ठेवा. मळायलाच पंधरा मिनिटं जातात. पीठ कानाच्या पाळीसारखं मऊ झालं आणि दोन बोटांत ताणल्यावर न फाटता पातळ पडदा धरू लागलं की मगच मेवा घाला. एप्रिलमध्ये तासाभरात पीठ दुप्पट होतं. बेळगावच्या डिसेंबरातल्या थंडीत दोन तासही लागतात, म्हणून घड्याळापेक्षा परातीकडे बघा. थंडीत बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याच्या वाटीशेजारी ठेवलं तर लवकर येतं. नऊ बाय पाच इंचांच्या डब्याला लोणी लावून, तळाला बटर पेपर घालून तयार ठेवा. डब्यात घातल्यावर पाऊण तासाने पीठ काठाच्या थोडं वर येतं. त्याआधी पंधरा मिनिटं 180 अंशांवर ओव्हन तापत घाला.

भाजायला पस्तीस-चाळीस मिनिटं. साखरेमुळे वरचा रंग लवकर चढतो, म्हणून वीस मिनिटांनी झाकायला फॉइलचा तुकडा आधीच कापून ठेवा. तार असलेली जाळी, सुती फडकं आणि दातेरी सुरी ओट्यावर काढून ठेवा. घरातल्यांनाही आधीच बजावा, की डब्यातून काढल्यावर तासभर सुरी लावायची नाही. आत वाफ असते, गरम कापला तर मधला भाग चिकट होऊन गोळा होतो.